खेळाडू तयार झाले, व्यवस्थापक कुठे आहेत?



ऊस विकास खात्याने खेळावर का लिहावे, असे कुणालाही वाटेल. पण गटात फिरताना बांधावर हा प्रश्न हटकून निघतो. "साहेब, पोरगं कबड्डीत जिल्ह्याला खेळून आलं. बारावीनंतर बी.पी.एड. करतो म्हणतंय. करू द्यावं का?"

करू द्या, असे आम्ही सांगतो. मात्र बी.पी.एड. हा बहुतेक ठिकाणी पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर जायचे तर बी.पी.ई.एस. आहे, तो तीन वर्षांचा. आणि नुसते शाळेत पी.टी. मास्तर व्हायचे, एवढेच डोळ्यापुढे ठेवू नका.

कारण खरी उणीव दुसरीकडेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले, हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण त्या स्पर्धेत एक कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी भिडावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. पैलवान जागेवर होता, व्यवस्थापक नव्हता.

आपला तोडणी कार्यक्रम आठवा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. लागणीच्या तारखा, टोळ्या, वाहने, काटा. यातले एक बिनसले की ऊस फडातच वाळतो आणि शिव्या आम्ही खातो. स्पर्धा भरवणे यापेक्षा वेगळे नाही. संघांची उतरण्याची सोय, पंच, पाणी, डॉक्टर, हिशेब, सगळे वेळेवर लागते.

एका गावच्या शाळेत आम्ही कुस्तीची मॅट पाहिली. बारा मीटर लांब-रुंद, वर्गणी काढून घेतलेली. पावसाळ्यात गळक्या खोलीत ती गुंडाळून ठेवली होती. उंदरांनी खाल्ली, बुरशी चढली. मास्तरांना विचारले तर म्हणाले, "माझ्या ताब्यात दिलीच कुणी नव्हती." मास्तरांचे तरी काय चुकले म्हणा.

शारीरिक शिक्षणाची आपली परंपरा काही लहान नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ साली निघाले आणि १९९५ साली अभिमत विद्यापीठ झाले. शरीररचना, खेळाचे नियम, मैदानाची आखणी विद्यापीठे शिकवतात, व्यवस्थापनाचा पेपरही असतो. पण पेपर लिहून व्यवस्थापन येत असते तर कृषी पदविका घेतल्या दिवशीच आम्हाला ऊस कळला असता. तो कळायला चार हंगाम फडात जावे लागले.

म्हणून आमचे मत असे की, विद्यापीठांनी या विद्यार्थ्यांना एक पूर्ण हंगाम बाहेर पाठवावे. खरेदी, दुरुस्ती, वर्गणीचा हिशेब, मुलींच्या संघाची वेगळी व्यवस्था, जखमी खेळाडूला दवाखान्यात नेणे, हे सारे त्यांच्या हातून व्हावे. आपल्या कारखान्यानेही अशा दोघांना जागा द्यावी. गाळप संपले की यात्रा-जत्रांच्या कुस्त्या आणि कबड्डीचे सामने असतातच. राहायला वसाहतीत खोली आणि जेवण, यापलीकडे खर्च नाही. त्या दोघांत एक सभासदाची मुलगी असली तर आम्हाला अधिक आनंद होईल.

हा विषय आम्ही संचालक मंडळापुढे मांडत आहोत. ज्यांची मुले-मुली हे शिक्षण घेत आहेत, त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नाव, वर्ग आणि खेळ लिहून द्यावा.

— ऊस विकास अधिकारी