रक्ताला न शिवणारे पाणी

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या भरवशावर एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बुजवले. तेव्हापासून या यंत्राभोवतीची सगळी काळजी रक्तापुरती राहिली आहे. रक्त गोठता कामा नये, त्यात हवेचा बुडबुडा शिरता कामा नये, पेशी फुटता कामा नयेत. काळजी रास्तच होती, आणि तिला फळही आले. आजच्या ऑक्सिजनेटरमध्ये केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूंच्या आतून वायू जातो, बाहेरून रक्त वाहते. त्याच डब्यात एका पातळ भिंतीच्या अलीकडे रक्त आणि पलीकडे पाणी खेळते. पाणी गार केले की रुग्णाचे शरीर २८ अंशांपर्यंत, गरज पडल्यास १८ अंशांपर्यंत उतरते. काम आटोपले की त्याच पाण्याने रक्त पुन्हा ऊबदार करतात. हा डबा एकदाच वापरून टाकून देतात.

पाणी पुरवणारे यंत्र मात्र टाकून देत नाहीत. हीटर-कूलर म्हणजे ऑपरेशन टेबलापासून थोड्या अंतरावर उभी असलेली चाकांवरची पेटी. आत पाण्याच्या टाक्या, पाणी ढवळणारी रवी, थंड करणारा कॉम्प्रेसर आणि त्याची उष्णता बाहेर फेकणारा पंखा. विदर्भातल्या घरोघरी उन्हाळ्यात चालणाऱ्या कूलरची रचना डोळ्यांसमोर आणली तरी पुरे: टाकी, साचलेले पाणी आणि पंखा. हे पाणी रक्ताला शिवत नाही. त्यामुळे ते कितपत स्वच्छ आहे, हा प्रश्न वर्षानुवर्षे कोणाच्याच वाट्याला आला नाही. सर्जन जखम पाहतो, परफ्युजनिस्ट पंप आणि तापमान पाहतो, बायोमेडिकल विभाग यंत्र चालते की नाही ते पाहतो.

झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात हा प्रश्न विचारणे भाग पडले. हृदयाची झडप किंवा महारोहिणीचा कृत्रिम तुकडा बसवलेल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच काळाने एकाच दुर्मीळ जिवाणूची लागण झालेली आढळली. मायकोबॅक्टेरियम चिमेरा हा क्षयाच्या जिवाणूचा दूरचा भाऊबंद. स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याची नोंद २००४ सालची. तपास करणाऱ्यांना तो हीटर-कूलरच्या पाण्यात सापडला. पण पाणी रुग्णापर्यंत पोहोचत नव्हते. मग थिएटरमधली हवा तपासली, तेव्हा यंत्र चालू असतानाच हवेत जिवाणू मिळाले. टाकी हवाबंद नव्हती. ढवळल्याने उडणारे सूक्ष्म तुषार पंख्याच्या झोताबरोबर बाहेर पडत. पुढच्या प्रयोगांत धूर सोडून पाहिले, तर हा झोत छतातून उतरणाऱ्या गाळीव हवेचा पडदा सहज मोडत असल्याचे डोळ्यांना दिसले. सहा रुग्णांचा झुरिकचा मूळ अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

पुढे जे उघड झाले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. निरनिराळ्या देशांतल्या रुग्णांमधले आणि यंत्रांमधले जिवाणू जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे निघाले. माग लागला तो स्टॉकर्ट ३टी या यंत्राच्या म्युनिकमधल्या कारखान्यापर्यंत. यंत्रे रुग्णालयात येण्याआधीच दूषित झाली असावीत, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत त्या काळी दरवर्षी अडीच लाखांहून अधिक शस्त्रक्रिया हार्ट-लंग मशीनवर होत, आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्के याच जातीच्या हीटर-कूलरवर. जिथे एकतरी रुग्ण सापडला अशा रुग्णालयात कृत्रिम भाग बसवलेल्यांना धोका शंभरात एक ते हजारात एक, असा तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज होता. एवढ्या धोक्यासाठी कोणी झडपेची शस्त्रक्रिया टाळू नये. न केलेली शस्त्रक्रिया याहून कितीतरी घातक. पण ज्यांना लागण झाली, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे दगावल्याच्या नोंदी आहेत.

इतके दगावण्याचे एक कारण उशीर. हा जिवाणू संथ वाढतो. प्रयोगशाळेत तो उगवायला सहा-आठ आठवडे जातात, नेहमीच्या रक्ततपासणीत दिसतच नाही. रुग्ण आजारी पडतो तेव्हा शस्त्रक्रियेला दीड वर्ष, कधी पाच-सहा वर्षे उलटून गेलेली असतात. बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे, थकवा. युरोपात यातल्या काहींवर सारकॉइडोसिस समजून स्टिरॉइडचे उपचार झाले.

आता हीच लक्षणे नांदेडच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या दवाखान्यात सांगून पाहा. डॉक्टरांच्या तोंडी पहिले नाव क्षयाचे येणार, आणि आपल्या देशात ते येणे चूक नाही. तुकड्याच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा दिसला की संशय पक्का होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जिवाणू रंगानेही सारखेच. एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधयोजना, सुरू होते. तिच्यातली रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही औषधे चिमेरावरच्या उपचारातही असतात, म्हणून मध्ये थोडा उतारही पडू शकतो. पण त्या उपचाराचा कणा असलेले मॅक्रोलाइड गटातले औषध एकेटीत नसते. रुग्ण पुन्हा खालावला, तर दोष औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या माथी मारायला कोणाला फार वेळ लागणार नाही. सीबीनॅट चाचणी क्षयाचा जिवाणू ओळखते, चिमेरा नाही. म्हणजे चाचणी नकारार्थी आली तर थांबून विचार करायला हवा. प्रत्यक्षात गर्दीच्या ओपीडीत तेवढ्यावर एकेटी थांबेलच असे नाही.

म्हणूनच ‘आपल्याकडे असे काही ऐकिवात नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आपल्याकडे बायपास शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर पंपाशिवाय, म्हणजे हार्ट-लंग मशीनविना होतात, हे खरे आणि दिलासा देणारे. पण संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा बदलायच्या तर पंप लागतोच, आणि धोका नेमका झडपवाल्यांनाच अधिक. उपकरणांमुळे होणारे अपाय नोंदवण्यासाठी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ सालीच सुरू झाला आहे. मात्र आजार उपकरणाचा आहे असे कोणाच्या मनात आले तरच त्याची नोंद होणार. क्षयाच्या रजिस्टरात गेलेला रुग्ण त्या रकान्यात कधी येणार?

उपाय अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत. टाकीत नळाचे नव्हे, गाळलेले पाणी. ठरल्या दिवशी ते बदलणे, निर्जंतुक करणे आणि तशी सहीनिशी नोंद. तेवढ्यानेही नळ्यांच्या आत धरलेला जिवाणूंचा चिकट थर हटेलच असे नाही. निर्जंतुक केलेल्या यंत्रांतही तो पुन्हा सापडला आहे. म्हणून पंख्याचे तोंड रुग्णाकडे असता कामा नये, आणि जमेल तिथे पेटीच थिएटरच्या भिंतीपलीकडे न्यावी. जुनी यंत्रे दुसऱ्या रुग्णालयाकडून विकत घेताना किमतीच्या आधी त्यांच्या निर्मितीचे वर्ष विचारावे. सप्टेंबर २०१४ पूर्वी कारखान्यातून निघालेली ३टी यंत्रे संशयितांत मोडतात.

आणि रुग्णाला सांगणे. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या एका रुग्णालयाने २०१५ साली सुमारे १३०० जुन्या रुग्णांना या धोक्याची कल्पना दिली. लोक विनाकारण घाबरतात, हा आक्षेप अशा वेळी नेहमी येतो. घाबरलेला रुग्ण निदान पुढच्या डॉक्टरला शस्त्रक्रियेची आठवण करून देतो. आपल्याकडे झडप बसवलेल्याला कार्ड मिळते. त्यावर झडपेचा अनुक्रमांक असतो. त्याखाली हीटर-कूलरचा क्रमांक आणि ‘लांबलेला ताप आल्यास क्षयाबरोबर इतर मायकोबॅक्टेरियाही तपासा’ एवढी ओळ लिहायला वेगळा निधी लागत नाही, शासकीय योजनेतल्या रुग्णासाठीही नाही.