लिंबोणीतला शिंपी
लिंबोणीच्या झाडावर शिंपी पक्ष्याचं घरटं असेल, तर ते हुडकायला फांद्या चाळवू नका. दुरून आई-बापांची ये-जा बघितली की जागा आपोआप कळते. चिमणीहून लहान, तांबूस टोपीचा, शेपटी सतत उभारलेला हा पक्षी, पण आवाज अख्ख्या वाडीला ऐकू जावा एवढा. शिवणकाम मादीचं. पानाच्या कडेला चोचीनं भोक पाडायचं, कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा त्यातून ओढायचा. बाहेर आलेलं टोक पिंजारून फुगतं आणि गाठीसारखं अडकून बसतं. भोकं इतकी बारीक, की पान सुकत नाही, हिरवंच राहतं, आणि घरटं झाडात मिसळून जातं. अंडी बहुधा ३-४, ऊब सुमारे १२ दिवसांची. मग दोघांचीही दिवसभर धावपळ: अळी भरवायची आणि पिल्लानं पाठ फिरवून दिलेली शिटेची पांढरी पुडी तिथल्या तिथे चोचीत धरून लांब नेऊन टाकायची. पिल्लांना भरवलेल्या कितीतरी अळ्या आपल्याच कुंड्यांतल्या असतात. म्हणून या दिवसांत झाडांवर कीटकनाशक मारू नये, असं मी कळकळीनं सांगते. फोटोसाठी पानं बाजूला सारणं तर फारच वाईट; घरटं उघडं पडलं की कावळा आणि भारद्वाज टपलेलेच असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं. छाटणी पिल्लं उडून गेल्यावर करा.