अभ्यासक्रम पूर्ण झाला, मूल मात्र मागे राहिले!

जूनमध्ये शाळेची घंटा वाजते आणि शर्यत सुरू होते. शिक्षकांनी पाठ्यपुस्तकामागे धावायचे आणि मुलांनी शिक्षकांमागे. घरात पुस्तके आणि शिकवणीला पैसे असलेले मूल या शर्यतीत टिकते. आई-बाप पहाटेच कामावर जाणाऱ्या वस्तीतले मूल भागाकारात अडकते. वर्ग त्याच्यासाठी थांबत नाही. भागाकार कच्चा राहिला की अपूर्णांक, टक्केवारी, बीजगणित सारेच कच्चे. मग ‘याला डोकेच नाही’ हा शिक्का. पूर्वी हा शिक्का जन्माने बसत होता, आज तो गुणपत्रिकेने बसतो.

दोष मुलाच्या डोक्यात नाही, सर्वांना एकाच चालीने हाकणाऱ्या पद्धतीत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 24 वाचावे. अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. त्याच्या लगेच पुढच्याच खंडात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हेही कर्तव्य म्हणून लिहिले आहे. दोन्ही कर्तव्ये एकाच कलमात, एकाच तोलाची. मात्र हिशेब मागितला जातो तो पहिल्याचा. दुसरे कागदावरच राहते.

त्यातच 2019 मध्ये केंद्राने याच कायद्याचे कलम 16 बदलले. त्याआधारे महाराष्ट्राने डिसेंबर 2023 मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. चार वर्षे ज्याची क्षमता कोणी तपासली नाही, त्याला पाचव्या वर्षी शिक्षा! कर्तव्य चुकले व्यवस्थेचे आणि वर्ष गेले मुलाचे, हा कुठला न्याय?

प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकू देणे सरकारी शाळेत शक्य आहे काय? शेजारच्या सातारा जिल्ह्याने याचे उत्तर दिले आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांत मुले फरशीवर आखलेल्या आकृत्यांभोवती गटागटाने बसून हाताने वस्तू मांडत, एकमेकांना विचारत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले. तिथली मुले श्रीमंतांची नव्हती आणि शाळाही जिल्हा परिषदेच्याच होत्या.

आमच्या मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या कारखान्यातही शिक्षण असेच चालते. भोपळा कापणे, पडदे बांधणे, जवारी काढणे. एक काम हाती बसले की दुसरे. तिथे कोणी नापास होत नाही. परंतु ही विद्या बहुतांशी घराण्यांतूनच चालत आली. आपल्या गतीने शिकण्याला सर्वांसाठी उघडे दार नसेल, तर ज्ञान पुन्हा ज्याच्या त्याच्या घरातच अडकते. आपल्या समाजाने हे हजारो वर्षे भोगले आहे.

म्हणून ‘वर्ग कालबाह्य झाला, घरी बसून मोबाईलवर शिका’ या उपदेशापासून आपण सावध राहिले पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीत ज्या घरात मोबाईल नव्हता, त्या घरातली शाळाच बंद पडली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तरी त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले. इतक्या अपमानातून मिळवलेली वर्गातली जागा आपण सोडायची नाही. त्या वर्गाची चाल बदलायची आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, बाबासाहेबांनी 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग भरवले. शिकणाऱ्याच्या सोयीने शाळेची वेळ बदलणे ही आपलीच परंपरा आहे.

आज करायचे काय? कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा आहेत. त्या जागा आपल्या आया-बहिणींनी घ्याव्यात आणि बैठकीत लेखी विचारावे: माझ्या मुलाची क्षमता कधी तपासली? त्याला काय येत नाही? त्यासाठी जादा शिकवणी कोण, कोणत्या वेळी देणार? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. वस्तीतील पदवीधरांनी संध्याकाळी विहारात दोन तास बसावे आणि इयत्ता न विचारता मूल जिथे अडले आहे तिथून सुरुवात करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्याचे दुसरे वाक्य अमलात आणायला लावणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते पुरेसे आहे.