मताचा अधिकार मिळाला, नावाचा झगडा सुरूच : छत्तीसगडमधील महिला मतदारांची शंभर वर्षांची वाटचाल

रायपूर : छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातील परसवारा ग्रामपंचायतीत मार्च 2025 मध्ये सहा महिला पंच निवडून आल्या आणि शपथ मात्र त्यांच्या पतींनी घेतली. चित्रफीत सर्वत्र पसरल्यानंतर पंचायत सचिवावर निलंबनाची कारवाई झाली. या घटनेकडे एका गावातील हास्यास्पद प्रकार म्हणून पाहता येईल. परंतु स्त्रीची ओळख तिच्या स्वतःच्या नावाने नोंदवायची की कोणाची तरी पत्नी म्हणून, हा प्रश्न या प्रदेशातील महिलांच्या मताधिकाराइतकाच जुना आहे.

रायपूर त्या काळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने डिसेंबर 1917 मध्ये भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांच्यापुढे महिलांच्या मताधिकाराची मागणी मांडली. साउथबरो समितीने ती फेटाळली. 1919 च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपवून स्वतःची सुटका करून घेतली. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी 1921 मध्ये महिलांवरील बंदी उठवली. मध्य प्रांताला त्यासाठी 1927 साल उजाडावे लागले.

तेव्हाही मत मिळाले ते मालमत्तेला. शेती, घर किंवा कर स्वतःच्या नावावर असलेल्या स्त्रिया मोजक्याच होत्या. 1935 च्या कायद्याने अट सैल केली. साक्षर महिला तसेच पात्र मालमत्ताधारकाची पत्नी वा विधवा यांना मतदार मानण्यात आले आणि देशातील महिला मतदारांची संख्या सुमारे 60 लाखांवर गेली. मात्र यातील अनेकींचा अधिकार पतीच्या सातबाऱ्यावरून आला होता, हे विसरून चालणार नाही. याच व्यवस्थेतून नागपूरच्या अनसूयाबाई काळे 1937 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या.

संस्थानी मुलखाचे चित्र निराळे होते. बस्तरच्या गादीवर 1922 ते 1936 या काळात महाराणी प्रफुल्लकुमारी देवी होत्या. पण ब्रिटिश प्रांतातील मताधिकाराचे कायदे संस्थानांना लागूच नसल्याने त्यांच्या प्रजेतील पुरुषालाही मत नव्हते, स्त्रीला तर नव्हतेच.

राज्यघटनेच्या कलम 326 ने मालमत्ता, शिक्षण आणि विवाह या साऱ्या अटी एका फटक्यात रद्द केल्या. अडचण आली ती यादी करताना. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवेळी असंख्य महिलांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगितली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. देशातील सुमारे आठ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास 28 लाख नावे त्यामुळे वगळली गेली. त्यांत शेजारच्या विंध्य प्रदेशाचाही समावेश होता. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत स्त्रियांनी नावे सांगण्याची सवय त्यातूनच लागली. मिनीमाता 1955 च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेल्या आणि छत्तीसगडच्या पहिल्या महिला खासदार ठरल्या. पती अगमदास यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर त्या आल्या असल्या, तरी त्यानंतर 1972 मध्ये विमान अपघातात मृत्यू होईपर्यंत त्यांनी एकामागून एक निवडणुका स्वतःच्या नावावर जिंकल्या.

आज आकडे उलटले आहेत. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत राज्याच्या सुमारे 2.03 कोटी मतदारांत महिलांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती. 90 पैकी 19 जागांवर महिला निवडून आल्या. राज्याच्या स्थापनेपासूनची ही सर्वाधिक संख्या. महिलांच्या मताचे वजन राजकीय पक्षांनी ओळखले आहे. महतारी वंदन योजनेतून मार्च 2024 पासून सुमारे 70 लाख महिलांना दरमहा 1,000 रुपये दिले जात आहेत. मात्र विवाहित, विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता महिलाच त्यास पात्र आहेत. अविवाहित मतदार मुलीचे मत पक्षांना हवे असते, तिचे नाव लाभार्थ्यांच्या यादीत नसते.

नोव्हेंबर 2025 पासून छत्तीसगडसह 12 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झालेल्या मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणातही हाच धागा दिसतो. मतदाराने आपली नोंद सुमारे दोन दशकांपूर्वीच्या यादीशी जोडायची असते. त्या यादीत स्वतःचे नाव नसलेल्या विवाहितेला आई-वडिलांचे नाव शोधावे लागते आणि ते बहुधा माहेरच्या, अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील मतदान केंद्राच्या यादीत असते. घराजवळच राहिलेल्या भावाला ही पायपीट करावी लागत नाही.

पंचायतींत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. लोकसभा व विधानसभेतील एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा सप्टेंबर 2023 मध्ये संमत झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधली आहे. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 निश्चित करण्यात आली आहे. राज्याची पुढील विधानसभा निवडणूक 2028 च्या अखेरीस अपेक्षित आहे. या दोन तारखांमधील अवधीत मतदारसंघांची फेररचना पूर्ण झाली नाही, तर रायपूरमधील पक्ष कार्यालयांत उमेदवारीच्या याद्या पुन्हा जुन्याच पद्धतीने तयार होतील.