केसपेपरवरचा रिकामा रकाना

कुठल्याही दवाखान्याचा केसपेपर हातात घ्या. नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक रकाना असतो: 'व्यवसाय'. त्यात बहुतेक वेळा 'सर्व्हिस', 'प्रायव्हेट' नाहीतर 'मजुरी' असं काहीतरी खरडलेलं असतं. बाईचा कागद असेल तर 'गृहिणी', मग ती दिवसभर पार्लरमध्ये लोकांचे केस रंगवत का असेना. पुष्कळदा तर रकाना कोराच राहतो. मला या कोऱ्या रकान्याबद्दल भांडायचं आहे. तो कोरा राहिला की एका कर्करोगाचं एक मोठं कारण कागदावरून पुसलं जातं, आणि ज्यांच्यावर जबाबदारी यायला हवी ते आपोआप सुटतात.

हा कर्करोग मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा. त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा लघवीतून रक्त जाणं हे असतं, आणि तेही न दुखता. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. उन्हाळी लागली असेल, मुतखडा असेल, बीट खाल्लं होतं. बाई असेल तर इन्फेक्शनच्या गोळ्यांचा एक कोर्स, मग दुसरा. तोवर काही महिने गेलेले असतात.

विष श्वासातून किंवा कातडीतून आत जातं, मग त्रास नेमका या पिशवीलाच का? शरीर आपल्या परीनं सफाई करत असतं. यकृत त्या रसायनाचं रूप बदलतं, मूत्रपिंड ते रक्तातून गाळतं आणि लघवीत सोडतं. पुढे ती लघवी तासन् तास पिशवीत साठून राहते. त्या काळात पिशवीचं अस्तर या रसायनांत भिजत असतं. हे वर्षानुवर्षं चाललं की 15-20 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, गाठ येते.

ही माहिती नवी नाही. 1895 साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जननं मूत्राशयात गाठी असलेले तीन रुग्ण जगासमोर मांडले. तिघेही फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातले होते. रेनकडे ना डीएनए तपासणी होती ना कॉम्प्युटर. त्यानं रुग्ण काम कुठे करतात याची दखल घेतली, इतकंच. 1921 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या रंगधंद्यातल्या रसायनांना कर्करोगकारक म्हटलं. 1954 साली ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस आणि सहकाऱ्यांनी रंग कारखान्यांतल्या हजारो कामगारांच्या नोंदी तपासून हा संबंध आकड्यांत मांडला. आपल्या सरकारनं बेंझिडिनवर आधारलेल्या 42 आणि इतर 70 अशा एकूण 112 रंगांवर बंदी घातली ती 1990च्या दशकात. त्याच दशकात अहमदाबादच्या रंग कामगारांच्या लघवीत बेंझिडिनचे अंश आणि मूत्राशयाच्या पेशींमधल्या डीएनएला चिकटलेल्या त्याच्या खुणा शास्त्रज्ञांनी मोजल्या. रेनच्या तीन रुग्णांना तेव्हा शंभर वर्षं होत आली होती.

मी उलव्यात राहते. आमच्या एका बाजूला डोंगर कापून उभा राहिलेला विमानतळ, दुसरीकडे अटल सेतू, पुढे न्हावा-शेवा बंदर आणि त्याकडे जाणारी कंटेनरची रांग. तासाभराच्या आत तळोजा एमआयडीसी, पाताळगंगा, रसायनी. रसायनी हे नावच कारखान्यांमुळे पडलं. तिथं सार्वजनिक क्षेत्रातल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा प्रकल्प होता, रंगधंद्याला लागणारं नायट्रोबेंझिन आणि अ‍ॅनिलीन तिथं तयार व्हायचं. 2017 साली तो बंद करण्याचा निर्णय झाला. कारखाना बंद झाला की यंत्रं भंगारात जातात. हजेरीपट कुठे जातात? कोण कुठल्या प्लांटवर किती वर्षं होतं, हे वीस वर्षांनी विचारलं तर कोण सांगणार?

त्याच 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे निळे कुत्रे व्हायरल झाले होते, आठवतंय? कासाडी नदीत सोडलेल्या रंगामुळे भटके कुत्रे निळे झाले, फोटो परदेशातल्या वर्तमानपत्रांत आले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं एक कारखाना बंद करायला लावला. तो निळा रंग कर्करोग करतो असा माझा दावा नाही. मला खटकते ती आपली नजर. कुत्र्यावर रंग दिसला म्हणून आठवड्याभरात कारवाई झाली. त्याच वसाहतीत ड्रम उघडणारा, पावडरच्या गोण्या रिकाम्या करणारा, टाकीत उतरून ती धुणारा कंत्राटी कामगार कुणाच्या फोटोत आला नाही. त्याचा डाग आत असतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांसोबत मी एका मोठ्या हॉस्पिटलात गेले होते. लघवीतून रक्त जात होतं, दुर्बिणीची तपासणी होऊन गाठ निघाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी-सिगारेट?" काका म्हणाले, "ओढायचो, आता सोडली." पेन लगेच चाललं. काम काय केलं, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. खाली चहा घेताना काका सहज बोलून गेले की, तरुणपणी अकरा वर्षं रंगाच्या कारखान्यात होते. घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी सकाळी उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. हे वाक्य त्यांच्या फाइलमध्ये कुठेच नाही. फाइलप्रमाणे ते बिडी ओढणारे एक गृहस्थ आहेत, बस.

लगेच कुणीतरी म्हणेल, पण तंबाखू हेच मोठं कारण आहे ना? आहेच. या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असतं. सिगारेट ओढणाऱ्यांनी हा लेख सुटकेचा दाखला म्हणून वापरू नये. पण गंमत बघा, तंबाखूच्या धुरात मूत्राशयाला घातक असलेल्या रसायनांत 2-नॅफ्थिलअमाइन आणि 4-अमिनोबायफिनाइल येतात. यातलं पहिलं म्हणजे 1921 सालीच कर्करोगकारक ठरलेलं रंगधंद्यातलं बीटा-नॅफ्थिलअमाइन. विष तेच, दारं दोन. एका दारावर आपण कवटीचं चित्र लावलं, सिनेमा सुरू होण्याआधी जाहिरात दाखवली. दुसऱ्या दारावर 'येथे हेल्पर पाहिजेत' असा बोर्ड आहे. आणि ज्याचं बिडी आणि कारखाना दोन्हींशी नातं आहे, त्याचा धोका वाढतो, हे सोडून आपण त्यालाच दोष देऊन मोकळे होतो.

धूम्रपानाचा हिशेब वजा करूनही कामाचा धोका उरतो, हे मुंबईतच दिसलेलं आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या अभ्यासात रासायनिक आणि औषध कारखान्यांतल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका लक्षणीय वाढलेला आढळला होता. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र तर इथं खारघरला आहे. विज्ञान दारात येऊन उभं आहे. अडलंय ते त्या एका रकान्यावर.

बरं, हा प्रश्न फक्त केमिकल कारखान्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था 'रंगारी' या कामालाच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे पुरेसं सिद्ध झालेल्या गटात ठेवते. त्यात मूत्राशयाचा कर्करोग येतो. रबर उद्योग त्याच गटात. 2022 पासून अग्निशमन दलाचं कामही. केशकर्तन आणि केस रंगवण्याचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात आहे. डिझेलचा धूर फुप्फुसासाठी पहिल्या गटात आहे, मूत्राशयाबाबतचा पुरावा मर्यादित आहे. आता उलव्याचा कुठलाही सेक्टर डोळ्यांसमोर आणा. नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभे असलेले पेंटर, बंद खोलीत थिनर मारून दरवाजे पॉलिश करणारी पोरं, प्रत्येक गल्लीतलं सलून. आपले वन बीएचके यांच्याच हातांनी चकाचक झालेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'उलव्यात राहिलं की कॅन्सर होतो' असा मेसेज फॉरवर्ड करू नका. विषाचा खेळ मात्रेवर चालतो, आणि सगळ्यात मोठी मात्रा त्याच्या वाट्याला येते जो आठ तास त्यात उभा असतो. आपण खिडकीतून येणाऱ्या वासावर ट्वीट करतो. तो वास ज्याच्या बनियनमधून येतो, त्याच्याबद्दल आधी बोलू.

आता कायद्याकडे या. कायदा नाही असं अजिबात नाही. 1948च्या फॅक्टरी कायद्यात, सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या 29 आजारांची यादी होती आणि तिच्यात व्यवसायजन्य कर्करोग होता. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला तो झाल्याचं वाटलं तर डॉक्टरनं मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यांतही ही तरतूद आहे. भरपाईच्या 1923च्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग नावानिशी होता. धोक्याच्या कामात सलग सहा महिने असलेल्या कामगाराला नोकरीत असताना तो झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरायचा. तसं नाही हे दाखवणं मालकाचं काम.

खोच 'नोकरीत असताना' या शब्दांत आहे. नोकरी सुटल्यावर आजार आला तर पुरावा कामगारानं द्यायचा. हा आजार उगवतोच 15-20 वर्षांनी! तोवर ठेकेदार बदललेला, कंपनीचं नाव बदललेलं, गेटपास पुरात गेलेला. भरपाईची ही रचना नव्या संहितेतही तशीच आहे, आणि वर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेली आहे. युरोपीय संघात कर्करोगकारक पदार्थांशी काम करणाऱ्यांच्या नोंदी संपर्क संपल्यानंतर 40 वर्षं जपाव्या लागतात. आपल्याकडे ठेकेदाराची वही 40 महिने टिकली तरी नशीब.

"मग कारखाने बंद करायचे का?" हा ठरलेला प्रश्न. नाही. नोंद ठेवायला कारखाना बंद करावा लागत नाही. जुन्या कामगारांची दरवर्षी लघवी तपासायला कारखाना बंद करावा लागत नाही. ब्रिटनच्या रंग उद्योगात अशा तपासण्या 1950च्या दशकात सुरू झाल्या होत्या.

उलव्याच्या पट्ट्याला हक्क मागणं शिकवावं लागत नाही. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि नवघरच्या परिसरात जमिनीसाठी पाच जणांनी गोळ्या झेलल्या, म्हणून साडेबारा टक्के मिळाले. सातबारा इथं प्रत्येकानं जपून ठेवलाय. त्याच घरातला मुलगा एमआयडीसीत लागतो तेव्हा त्याच्या कामाचा सातबारा कोण ठेवतं? कुणीच नाही. मागणी इतकी साधी आहे: प्रत्येक कामगाराच्या नावावर, ठेकेदार कितीही बदलले तरी, कुठे, कुठल्या रसायनासोबत, किती वर्षं याची कायमची नोंद. आणि प्रत्येक केसपेपरवर आजवरच्या सगळ्या कामांसाठी जागा.

ते होईपर्यंत तुमच्या हातात फोन आहे. आज रात्री आईबाबांना, काकांना विचारा: कुठे-कुठे काम केलंत, कधीपासून कधीपर्यंत, हाताला काय लागायचं? लिहून ठेवा. जुनं ओळखपत्र, पगाराची पावती, पीएफ नंबर, ईएसआयसी कार्ड यांचे फोटो काढा. तुम्ही स्वतः प्लांटवर असाल तर ड्रमवरच्या लेबलचा फोटो काढा. घरात कुणाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, आणि ते आपोआप थांबलं, तरी तपासणी करा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कामाचा सगळा इतिहास सांगा. आणि पेन चाललं नाही, तर शांतपणे म्हणा: "हेही लिहा."