ट्रॅक्टर घेताना चाकांकडेही पाहा

भातशेतीला माणसे मिळत नाहीत ही गोमंतकातील खेड्यापाड्यांची आता जुनी तक्रार झाली आहे. बैलजोड्या गेल्या, नांगर माळ्यावर चढले आणि त्यांची जागा प्रथम पॉवर टिलरने व त्यामागोमाग वीस ते तीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरने घेतली. हे इष्टच झाले. शेत पडीक टाकण्यापेक्षा ते यंत्राने का होईना, पिकवणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु ट्रॅक्टर घेताना इंजिनाची शक्ती, किंमत आणि सरकारी अनुदान या तीन गोष्टींचीच काय ती चौकशी होते. ज्या चाकांवर हे सारे ओझे उभे राहायचे, त्यांच्या टायरांविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. विक्रेत्याने जे बसवून दिले ते गोड मानून घ्यायचे, अशी रीत पडली आहे. या बेफिकिरीची किंमत शेतकरी तर मोजतोच. पण त्याहून अधिक ती गावची जमीन मोजते, असे आम्हांला वाटते.

गोमंतकाची भातजमीन एकजिनसी नाही. डोंगरउताराची मोरड, मधल्या पातळीवरची रेताड खेर आणि भरतीच्या पातळीखाली बांध व मानशींच्या आधारावर राखलेली खाजन असे तिचे तीन प्रकार आपल्या पूर्वजांनी ओळखले होते आणि प्रत्येकीची मशागत निराळी ठेवली होती. बैल तिन्हींकडे चालत असे, कारण तो पाय टाकण्यापूर्वी जमिनीचा अंदाज घेई. यंत्राला ती जाण नसते. ती मालकाने द्यावी लागते आणि तिची सुरुवात टायरापासून होते.

बाजारात या टायरांचे ठळक प्रकार चार. तिरप्या, मध्यम उंचीच्या उंचवट्यांचा सर्वसाधारण शेतीचा टायर मोरडीच्या नांगरणीला पुरेसा असतो. चिखलाच्या भातशेतीसाठी बनविलेल्या टायराचे उंचवटे याच्या जवळजवळ दुप्पट उंच असतात. तो चिखल कापून खालच्या घट्ट थराला पकडतो. मात्र डांबरी रस्त्यावर तो हादरे देतो आणि लवकर झिजतो. तिसरा, रुंद व ठेंगण्या उंचवट्यांचा टायर माती-खडी उचलण्याच्या कामाचा. तो दिसायला दणकट, पण चिखलात त्याच्या खाचा लगेच भरतात आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. चौथा, बारीक नक्षीचा सपाट टायर हिरवळीसाठी असतो. माडा-पोफळींची मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने, कोरड्या दिवसांत कुळागरातून ओझे वाहायचे असेल तर तो त्यांना कमी इजा करतो.

मग भातशेतीत डोळे मिटून चिखलाचा टायर घ्यावा काय? तसेही नाही. पावसात भिजलेल्या शेतात लोखंडी कांब खुपसून पाहावी. हातभर खोलीच्या आत ती घट्ट तळाला टेकली, तर उंच उंचवट्यांचे अरुंद टायर तेथवर पोचतील आणि काम देतील. खेर जमिनीत बहुधा असेच घडते. खाजनात मात्र अनेक ठिकाणी कांब जातच राहते. तेथे अरुंद चाक म्हणजे खड्डा खणण्याचे साधन. अशा जागी वजन पसरवणारी रुंद चाके किंवा लोखंडी जाळीची चाकेच हवीत. ही जाळीची चाके शेताच्या कडेलाच चढवावीत. ती लावून डांबरी रस्त्यावरून जाणे म्हणजे सार्वजनिक रस्त्याची नासाडी होय.

आणखी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मोरडीत पकड वाढावी म्हणून मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरतात, ते योग्यच. पण तेच पाणी घेऊन खाजनात उतरणे म्हणजे रुतण्याची तयारी करणे. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरात पुढच्या व मागच्या टायरांचे माप एकमेकांशी बांधलेले असते. केवळ मागचे टायर मोठे केले तर गिअर व धुरे यांवर ताण येतो. हवाही निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत राहून शेतात कमी आणि रस्त्यावर अधिक ठेवावी.

कोणी म्हणेल, टायर हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. मोरडीपुरते ते खरेही असेल. सुमारे १८,००० हेक्टर खाजनांबाबत ते खरे नाही. तेथे शेत एकाचे असले तरी बांध साऱ्या गावाचा असतो. रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढण्यासाठी तो बांधावर चढवला, बांध खचला आणि खारे पाणी आत शिरले, तर शेजाऱ्यांचीही शेते नासतात. आणि एकदा मुरलेला खार धुऊन काढण्यास पावसाळेच्या पावसाळे लागतात.

म्हणून कृषी खात्याकडे आमचे मागणे आहे. अनुदान मंजूर करताना शेताचा प्रकार विचारला जावा आणि त्याला साजेसे टायर वा जाळीची चाके अनुदानाच्या हिशेबात धरली जावीत. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या जाती दिल्या आहेत. त्या जमिनीत यंत्र कसे चालवावे याची प्रात्यक्षिकेही संस्थेच्या साहाय्याने तालुक्यातालुक्यांत व्हावीत. शेतकरी संघांनी जाळीच्या चाकांचा एखादा जोड सामाईक ठेवला, तर लहान शेतकऱ्याचा भार हलका होईल.

बी पारखून घेणारा आमचा शेतकरी टायर मात्र न पारखता घेतो, हे त्याच्या शहाणपणाला शोभत नाही. ट्रॅक्टर दोन-तीन दशके घरी राहतो. खाजन मात्र शतकानुशतके राखलेले आहे. आपल्या चाकाखाली ते खचणार नाही, एवढी काळजी खरेदीच्या दिवशीच घ्यावयास हवी.