सालीच्या कापडावरची चित्रे

सोलापुरात वाढलेल्या माणसाला कापड ओळखायला शिकवावे लागत नाही. चादर हातात घेतली की सूत कसले, वीण किती घट्ट, हे बोटांनाच कळते. म्हणून या वेळी ज्या चित्रकाराविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याची खरी ओळख त्याच्या रंगांपेक्षा त्याच्या कापडातून आमच्या वाचकांना लवकर पटेल असे वाटते.

चित्रकाराचे नाव मायकेल आर्मिटेज. जन्म १९८४ चा, केनियाच्या नैरोबी शहरातला. आई केनियाची, किकुयू समाजाची. वडील इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. हे दोन शब्दांत सांगून होते, पण त्यामागचा इतिहास साधा नाही. इंग्रजांनी १९५२ साली केनियात आणीबाणी पुकारली आणि हजारो किकुयू स्त्री-पुरुषांना छावण्यांत डांबले. देश स्वतंत्र झाला तो १९६३ च्या डिसेंबरात. त्यानंतर एकवीस वर्षांनी जन्मलेल्या या मुलाच्या अंगात, ज्यांनी डांबले आणि ज्यांना डांबले, त्या दोन्ही लोकांचे रक्त आहे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. फॉर्मवर ‘जात’ या शब्दापुढे एकच रेघ असते, हे रोज पाहतो. आंतरजातीय लग्नातले मूल शाळेत घालायची वेळ आली की आई-बाप त्या रेघेवर येऊन थबकतात, आणि बहुतेक वेळा बापाची जात लिहून मोकळे होतात. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त मांडले. पण अशा लग्नातल्या मुलाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे, याची आपल्याकडे अजून धड चर्चा होत नाही. आर्मिटेज यांना हा प्रश्न पडला नसेल असे कसे म्हणावे?

त्यांचे शिक्षण लंडनला झाले. २००७ साली स्लेड कलाशाळेतून आणि २०१० साली रॉयल अकादमीच्या शाळेतून ते बाहेर पडले. तिथे तैलचित्र काढायचे ते ताणलेल्या कॅनव्हासवर, ही युरोपची शेकडो वर्षांची रीत. ती जागा घेईल असे काहीतरी ते शोधत होते. नैरोबीच्या बाजारात परदेशी पाहुण्यांसाठी मांडलेल्या वस्तूंत ताटाखाली घालायच्या तपकिरी चट्या त्यांना दिसल्या. त्या होत्या लुबुगोच्या.

लुबुगो म्हणजे झाडाच्या सालीचे कापड. युगांडातले बगांडा लोक ते करतात. आपल्या वडा-उंबराच्या कुळातले मुटुबा नावाचे झाड असते. त्याची आतली साल सोलून काढायची आणि खाचा पाडलेल्या लाकडी मोगरीने ती ठोकत राहायची. ठोकून ठोकून साल पसरते, पातळ होते, मऊ पडते आणि उन्हात विटकरी रंगावर येते. यात ना सूत, ना माग. झाडही मरत नाही. उघड्या खोडाला केळीची पाने गुंडाळली की पुन्हा साल धरते. राज्याभिषेकाला हेच कापड, प्रेत गुंडाळायलाही हेच. एकोणिसाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांनी सुती कापड आणले आणि लुबुगो मागे पडत पडत विधींपुरते उरले. युनेस्कोने २००५ साली या कलेची दखल घेतली खरी. एका कापडाने दुसऱ्याचा घास घेणे हे ज्या शहराने जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकामागून एक बंद पडताना पाहिले, त्याला वेगळे समजावून सांगायला नको.

या कापडाला भोके असतात. ती टाके घालून सांधावी लागतात, आणि आर्मिटेज ते सांधे झाकत नाहीत. चित्रातल्या माणसाच्या गालावरून, आभाळातून टाका गेलेला दिसतो. रंग मात्र तेलाचे, युरोपचे.

२०१४ च्या नोव्हेंबरात नैरोबीत बसच्या थांब्याजवळ एका बाईचे कपडे तोकडे म्हणून पुरुषांच्या जमावाने ते भररस्त्यात फाडले. बायकांनी मोर्चा काढला. ‘माय ड्रेस माय चॉइस’, म्हणजे माझे कपडे माझी मर्जी, ही मोर्चाची घोषणा होती. आर्मिटेज यांनी २०१५ साली तेच नाव देऊन चित्र काढले. व्हेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराची पाठमोरी पहुडलेली व्हीनस युरोपात फार नावाजलेली आहे. तीच बैठक त्यांनी घेतली. पण बाई काळी, जमिनीवर पडलेली, आणि भोवती पुरुषांचे पाय. ज्या बैठकीला युरोप सौंदर्य म्हणत आला तिच्याकडे बघणारा आता स्वतःच त्या पायांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. असे प्रकार आपल्या महाराष्ट्रात कोणाच्या बाबतीत आणि कुठे झाले, ते वाचकांना ठाऊक आहे.

२०१७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या सभांची गर्दी पाहून काढलेली त्यांची चित्रे २०१९ साली व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे पंधरा लाख डॉलरला गेले. इथे आमचे मन थोडे अडते. ज्यांच्या दुःखाचे चित्र, त्यांच्या डोळ्यांना ते कधी पडणार? पैसेवाल्याच्या दिवाणखान्यात टांगलेली गर्दी घोषणा देत नाही.

पण पुढचे वाचून राग ओसरला. २०२१ साली लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा स्वतःच्या चित्रांबरोबर त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या सहा चित्रकारांची चित्रे लावायला लावली. यातले बरेच त्यांच्या आधीच्या पिढीचे. एलिमो न्जाऊ, थेरेसा मुसोके, जाक कटारिकावे ही नावे त्या भिंतींवर आली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, नैरोबीत त्यांनी एक कलासंस्था सुरू केली होती. नफा न घेणारी, तिथल्या चित्रकारांची कामे दाखवणारी.

जयंतीला बाबासाहेबांचे दहा-दहा फुटी चित्र कुंचल्याने रंगवणारी आपल्या वस्तीतली पोरे फ्लेक्स आल्यावर कुठे गेली? कोणी रिक्षा चालवतो, कोणी घरे रंगवतो. त्यांची एक ओळ कुठे नोंदलेली नाही, भिंतीही पुढे चुन्याखाली गेल्या.

नैरोबीच्या त्या संस्थेत २०२२ साली सेन वाडू यांचे प्रदर्शन झाले. हे गृहस्थ शाळामास्तर. नोकरी सोडून चित्रे काढू लागले तेव्हा लोक वेडा म्हणू लागले, म्हणून त्यांनी नावच बदलून ‘सेन’ घेतले. इंग्रजीत त्याचा अर्थ, डोके ठिकाणावर असलेला.